पाझर तलावाची पाटी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सरळ सांगून टाकले, ‘कृत्रिम बुद्धीच्या एजंटासाठी साधनांची वर्णने कशी लिहावीत’. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग चालक हळूच म्हणाले, “लोकांना कळेल असे एखादे नाव सुचते का पाहा.” म्हणून पत्रिकेवर ‘पाझर तलावाची पाटी’ असे छापले गेले. पत्रिका वाचून पाणलोटाविषयी काही ऐकावयास मिळेल ह्या आशेने जे आले असतील, त्यांनी उठून जाऊ नये. तळे, विहिरी, सातबारा सारे आजच्या बोलण्यात येणार आहे. आणि जे एजंटाच्या आशेने आले असतील त्यांनी तळ्याजवळ थोडा वेळ थांबावे, कारण हा विषय आम्हांला एका तळ्याच्या काठीच नीट उमगला.

राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला वळले की थोड्याच वेळात गाव येते. पाऊस वर्षाला चारशे ते पाचशे मिलिमीटर, आणि तोही मनाला येईल तेव्हा. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, यादवबाबांचे देऊळ उभे राहिले, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, उसासारख्या पाणी पिणाऱ्या पिकाला गावाने नकार दिला. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती पुन्हा सांगून आम्ही तुमचा वेळ घेणार नाही. तिच्यातला एकच बारीक प्रसंग आम्हांला हवा आहे. गावात सरकारने बांधलेला एक पाझर तलाव होता. त्याचा बांध गळत होता, पाणी ठरत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तळ्याच्या खालच्या अंगाच्या सात विहिरींना पाणी राहिले.

आता एखाद्या परक्या माणसाला हे वाक्य सांगून पाहा. तो विचारील, “पाझर तलाव गळत होता ही तक्रार कशी? तो तर पाझरण्यासाठीच बांधतात ना?” त्याचे बरोबर आहे. पाझर तलाव हा पाणी साठवून ठेवण्यासाठी नसतोच, मुरविण्यासाठी असतो. पण बांधातून गळालेले पाणी ओढ्याने निघून जाते आणि बुडातून मुरलेले पाणी विहिरीला जाते. दोन्ही वेळा तळे रिकामेच दिसते. एक रिकामेपण म्हणजे नुकसान, दुसरे म्हणजे गावाची कमाई. तळ्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी हा भेद कळावयाचा नाही.

आम्ही गेलो ते चैत्रातले ऊन होते. तळ कोरडा होता, भेगा पडलेल्या. बांधावर एक म्हातारेबुवा शेळ्या घेऊन चालले होते. आम्ही त्यांना शहरी माणसाच्या थाटात विचारले, “बाबा, तलाव तर आटलेला दिसतो?” त्यांनी आमच्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, “तळ्यात काय बघता? खाली हिरीत वाका.”

ह्या दोन वाक्यांत आमचे सगळे व्याख्यान आले आहे. पण मानधन घेतले असल्यामुळे आम्हांला पुढे बोलणे भाग आहे.

एजंट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचा एजंट उभा राहतो. हा एजंट तसा नव्हे, निदान तो चहाच्या वेळी येत नाही. गेल्या काही वर्षांत भाषा जाणणारी जी संगणकीय प्रतिमाने निघाली, ती आरंभी नुसती बोलत. प्रश्न विचारावा, उत्तर घ्यावे. २०२३ च्या जूनमध्ये ओपनएआय ह्या कंपनीने कार्यक्रम लिहिणारांना अशी सोय दिली की प्रतिमानाला काही साधनांची यादी द्यावी, प्रत्येकाचे नाव, वर्णन आणि त्याला कोणकोणती माहिती पुरवावी लागते ते लिहून द्यावे, म्हणजे प्रतिमान गरजेप्रमाणे त्यांतले साधन मागून घेईल. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक ह्या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत प्रसिद्ध केला, त्यामुळे एकाने बनविलेले साधन दुसऱ्याच्या एजंटाला जोडणे सोपे झाले. आपल्याकडेही हे वारे आले आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ हे ॲप काढले, आणि जूनमध्ये मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ ह्या काळासाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. तेव्हा हा विषय मुंबई-बंगलोरच्या काचेच्या इमारतींतला राहिलेला नाही. उद्या तो आपल्या बांधावर येणार, काही ठिकाणी आलाही आहे.

ही साधने प्रत्यक्षात कशी वापरली जातात ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. शेतकरी प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाबरोबर साधनांची यादी प्रतिमानापुढे ठेवली जाते. प्रतिमान ती वाचते, जसे आपण औषधाच्या दुकानातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू तशी. साधनाच्या आत काय यंत्रणा आहे, ती कोठल्या कचेरीतून आकडे आणते, कोणी बनविली, ह्यांपैकी काहीएक त्याला दिसत नाही. चिठ्ठीवर जे लिहिले असेल तेवढेच त्याचे ज्ञान. ती वाचून ते ठरविते की अमुक साधन लावावे, आणि तशी मागणी लिहून देते. साधन चालविणारा वेगळाच कार्यक्रम असतो. तो ते चालवून उत्तर प्रतिमानापुढे टाकतो. मग प्रतिमान ते वाचून शेतकऱ्याशी बोलते. म्हणजे निवड करताना चिठ्ठी, आणि अर्थ लावतानाही चिठ्ठीच.

नवा गडी ठेवला तर पहिल्या दिवशी आपण त्याला गोठा दाखवितो, विळा कोठे टांगलेला असतो ते सांगतो, ‘ह्या बैलाच्या मागून जाऊ नकोस’ असे बजावतो. तो चार दिवस चुकतो आणि पाचव्या दिवशी शहाणा होतो. आमचा हा एजंट रोज सकाळी पहिल्याच दिवसाचा गडी असतो. काल काय शिकला ते, कोणी लिहून ठेवले नसेल तर, त्याला आज आठवत नाही. आणि त्याच्यात आणखी एक अवगुण आहे. गडी अडला तर डोके खाजवीत उभा राहतो, हा पुष्कळदा अडत नाही. अर्धवट चिठ्ठीवरूनही तो आत्मविश्वासाने पुढे जातो. म्हणून चिठ्ठी लिहिणाराची जबाबदारी वाढते.

राळेगणहून परतल्यावर आम्ही घरच्या संगणकावर एक लहानसा प्रयोग मांडला. एका कोरडवाहू गावासाठी चार-पाच साधने बनविली. त्यांतले आकडे आमचेच, कल्पनेने भरलेले. त्यामुळे कोणा गावाचे नुकसान झालेले नाही, झाला तो आमच्या अभिमानाचा. पहिले साधन विहिरीचे. त्याचे वर्णन आम्ही मोठ्या थाटात एका ओळीत लिहिले: ‘विहिरीची पाणीपातळी सांगते.’ स्वच्छ, सुटसुटीत, शाळामास्तरांनी पाठ थोपटावी असे वाक्य! मग आम्ही शेतकरी होऊन विचारले, “गेल्या ऑक्टोबरात पातळी चार होती, यंदा नऊ आहे. रब्बीत गहू करू की हरभरा?” एजंटाने साधन लावले, नवाचा आकडा पाहिला आणि उत्साहाने सांगितले की यंदा पातळी दुपटीहून अधिक वाढली आहे, गहू करावयास हरकत नाही.

ह्यात एजंटाचा दोष किती? आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिचे लोक निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा मोजणी करतात, आणि ती मोजतात जमिनीपासून खाली पाण्यापर्यंतचे अंतर. म्हणजे नऊ मीटर हा आकडा चार मीटरांपेक्षा मोठा असला तरी पाणी खाली गेलेले असते. आमच्या साधनातले आकडे त्याच रीतीचे होते. आम्हांला ते इतके ठाऊक होते की लिहावेसेच वाटले नाही! आणि हा घोटाळा यंत्रापुरता नाही. ‘विहिरीला वीस फूट पाणी आहे’ आणि ‘पाणी वीस फुटांवर आहे’ ही दोन वाक्ये नीट ऐका. फूट तेच, वीस तेच, विहीरही तीच. पहिल्या वाक्यातला शेतकरी निर्धास्त झोपेल, दुसऱ्यातला कदाचित मोटार खाली सोडावयाच्या चिंतेत असेल. गव्हाला पाच-सहा पाळ्या पाणी लागते, हरभरा दोन-तीन पाळ्यांवर निघतो. एका ‘वर’ आणि ‘खाली’ ह्या शब्दावरून एखाद्याचे पीक ओंबी भरतेवेळी वाळून जाईल.

मग आम्ही चिठ्ठी पुन्हा लिहिली. ती अशी: ‘निरीक्षण विहिरीतील पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे ते सांगते. आकडा मोठा म्हणजे पाणी कमी. आकड्याबरोबर मोजणीची तारीख मिळते. तुलना करावयाची तर मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. ऑक्टोबरची मेशी करू नये. ही निरीक्षण विहिरीची पातळी आहे, विचारणाराच्या स्वतःच्या विहिरीची नव्हे.’ वाक्ये वाढली, थाट गेला. पण तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा एजंटाने आधी सांगितले की पाणी गेल्या वर्षीपेक्षा पाच मीटर खाली आहे, आणि मग विचारले, “तुमच्या स्वतःच्या विहिरीत आज किती पाणी आहे?” त्या म्हाताऱ्या बाबांच्या ‘खाली हिरीत वाका’ ची आम्हांला आठवण झाली.

दुसरे उदाहरण क्षेत्राचे. हे सांगताना सभागृहातले जमीनदार लोक हसतील, कारण हा फटका त्यांच्या ओळखीचा आहे. एका साधनाला जमिनीचे क्षेत्र पुरवावयाचे होते, म्हणजे ते बियाण्याचा आणि खताचा हिशेब सांगणार. आम्ही लिहिले, ‘क्षेत्र: अंकात.’ शेतकरी म्हणाला, “आमचं एक वीस आहे.” एजंटाने १.२० असा अंक दिला. आता ‘एक वीस’ म्हणजे किती? जुन्या बोलण्यात एक एकर वीस गुंठे. गुंठे चाळीस झाले की एकर होतो, म्हणजे हे दीड एकर. पण सातबाऱ्यावर १.२० असे असेल तर ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. आणि कोणी दशांश समजून एकरच धरले तर सव्वा एकराला थोडे कमी. एकाच आकड्याचे तीन अर्थ, आणि त्यांतल्या दोहोंत दुपटीचे अंतर! शिवाय आर आणि गुंठा ही भावंडे इतकी सारखी की ओळखू येऊ नयेत. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे एकशे एक आणि थोडे वर. म्हणून लहान तुकड्यात चूक दिसत नाही, आणि मोठ्यात दिसते तोवर खत टाकून झालेले असते.

येथे एक गोष्ट आम्ही शिकलो. एकक चिठ्ठीच्या तळाला टीप म्हणून लिहू नये, ते साधनाला पुरवावयाच्या रकान्याच्या नावातच घालावे. ‘क्षेत्र’ असे नाव न ठेवता ‘क्षेत्र_आर_मध्ये’ असे ठेवावे, आणि पुढे एक उदाहरण द्यावे: ‘शेतकरी एक एकर वीस गुंठे म्हणाला तर सुमारे ६१ लिहावे. एकर की हेक्टर हे बोलण्यावरून स्पष्ट नसेल तर अंदाज न करता विचारावे.’ ते शेवटचे वाक्य आम्हांला फार मोलाचे वाटते. कोठे अंदाज चालेल आणि कोठे मुळीच चालणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. यंत्राला ते कोणी सांगितले तरच कळते.

पावसाच्या बाबतीतही हेच आहे, पण तेथे एकक निदान ठरलेले आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. इंच समजून हिशेब केला तर पंचवीस पटींनी चुकाल. त्यावर अधिक बोलत नाही.

नावांचे मात्र बोलले पाहिजे. आम्ही एका साधनाचे नाव ठेवले ‘उतारा आणा’. तलाठी कार्यालयात ज्याने एकदा तरी उन्हात रांग धरली आहे त्याला ह्यातली गंमत लगेच कळेल. कोणता उतारा? गाव नमुना सात आणि बारा मिळून होतो तो सातबारा, एका गटाचा किंवा सर्व्हे नंबराचा. एका खातेदाराची गावातली सारी जमीन दाखवितो तो आठ-अ. आणि मालकी कशी बदलत आली ते सांगतो तो फेरफार, नमुना सहा. बँकेतला साहेब ‘उतारा आणा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक असतो, शेतकऱ्याच्या मनात दुसरा. आमच्या बाबतीत असे झाले होते. कोण्या कार्यालयाचे नाव घेत नाही, पण वडिलांच्या पश्चात वारसनोंदीच्या कामाला आम्ही तीन खेपा घातल्या, आणि प्रत्येक खेपेला आमच्या हातात बरोबर असलेला पण नको असलेला उतारा होता. खिडकीवर एवढीच पाटी होती: ‘उतारे येथे मिळतील.’ पाटीत खोटे काहीच नव्हते!

एजंटाच्या पुढे तीन साधने ठेवली आणि तिन्हींची वर्णने ‘जमिनीची माहिती देते’ अशी लिहिली तर तो त्या खिडकीपुढच्या आमच्यासारखाच होणार. फरक एवढा की आम्ही हात हालवीत परत आलो, तो हाती लागले त्यावरून उत्तर देऊन मोकळा होईल. म्हणून वर्णनात साधन काय करते ह्याबरोबर ते काय करीत नाही हेही लिहावे, आणि शेजाऱ्याचे नाव घेऊन लिहावे. ‘एका गटाची सध्याची मालकी आणि पीकपाहणी पाहावयाची असता हे वापरावे. एका माणसाची गावातील एकूण जमीन हवी असल्यास आठ-अ चे साधन वापरावे. मालकी कधी आणि कशाने बदलली हे येथे कळणार नाही, त्यासाठी फेरफार पाहावा.’ पुष्कळ मंडळी साधनाची स्तुती लिहितात, ‘सर्वसमावेशक’, ‘अत्यंत उपयुक्त’, ‘जलद’ वगैरे. ती जाहिरात झाली. एजंटाला काही विकत घ्यावयाचे नाही. त्याला नेमका आपला प्रश्न ह्या खिडकीचा की पलीकडच्या, एवढेच हवे असते.

आणि तिन्ही साधने वेगळी ठेवावयाची तरी का, असाही प्रश्न येतोच. काही वेळा दोन साधनांतला भेद लिहिता लिहिता आपल्यालाच कळून चुकते की भेद नाहीच, ती एक करून टाकावीत. वर्णन लिहिणे म्हणजे साधनाची परीक्षाच असते. ज्याचे वर्णन कशाही प्रकारे नीट उतरत नाही ते साधनच बहुधा चुकीच्या ठिकाणी कापलेले असते. साधने चाळीस-पन्नास झाली म्हणजे एजंट गोंधळतो हा अनुभवही सार्वत्रिक आहे. मांडणीवर डबे फार झाले की नव्या सुनेला मोहरी सापडत नाही तसेच.

आता ज्या चुकीने आम्ही खरोखर हादरलो ती सांगतो. पावसाचे एक साधन होते. महसूल मंडळाचे नाव आणि तारीख द्यावी, त्या दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये मिळावा. आपल्याला ठाऊक आहे की महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे, नुकसानभरपाई त्यावर अवलंबून असते. आम्ही मुद्दाम एका दिवसाची नोंद रिकामी ठेवली, जणू पर्जन्यमापक बंद होता. साधनाने रिकाम्या जागी शून्य परत केले. एजंटाने शेतकऱ्याला सांगितले, “त्या दिवशी आपल्या मंडळात पाऊस झाला नाही.” ज्याच्या डोळ्यांदेखत माती वाहून गेली त्याला हे यंत्र शांतपणे सांगते की पाऊस झालाच नाही! आणि तेही चांगल्या, नम्र मराठीत.

‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे वर्णनात लिहावेच, पण तेवढ्याने भागत नाही. साधनाने जे उत्तर परत द्यावयाचे तेही एजंटाने वाचावयाचे वाक्यच असते हे आपण विसरतो. म्हणून अपयशाच्या वेळी ‘चूक ४०४’ असे काहीतरी न फेकता साधनाने म्हणावे: ‘ह्या मंडळाची ह्या तारखेची नोंद उपलब्ध नाही. ह्याचा अर्थ पाऊस झाला नाही असा घेऊ नये. शेजारच्या मंडळाची नोंद पाहता येईल, पण ती ह्या गावाची म्हणून सांगू नये.’ आणि मंडळाची नोंद म्हणजे आपल्या शेताची नोंद नव्हे, हेही. पाऊस एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे धूळ राहते, हे नगर जिल्ह्यात सांगावयास व्याख्याता कशाला हवा?

साधने दोन जातींची असतात. एक नुसती पाहून येते. दुसरी काही करून येते, म्हणजे अर्ज दाखल करते, मोटार चालू करते, पैसे पाठविते. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ही जात लिहिली पाहिजे, आणि केलेले परत फिरविता येते की नाही तेही. ‘हे साधन अर्ज दाखल करते. दाखल झालेला अर्ज मागे घेता येत नाही. आधी सर्व मजकूर शेतकऱ्याला वाचून दाखवावा आणि त्याने स्पष्ट हो म्हटल्यावरच वापरावे.’ मात्र केवळ वर्णनावर विसंबून तिजोरी उघडी टाकू नये. जेथे खरोखर नुकसान होऊ शकते तेथे कुलूप कार्यक्रमातच घालावे, पाटीवर ‘कृपया आत जाऊ नये’ लिहून भागत नाही. त्याच कारणाने परक्याने लिहून दिलेले साधन जोडताना त्याची चिठ्ठी डोळ्यांखालून घालावी. एजंट चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाचा फायदा घेऊन तिच्यात भलतीच आज्ञा दडवून ठेवणारे लोक निघाले आहेत.

ह्यावर एक आक्षेप आमच्या चिरंजीवांनीच घेतला. ते ह्या धंद्यातले आहेत. त्यांचे म्हणणे असे की प्रतिमाने दिवसेंदिवस हुशार होत आहेत, आज लिहावे लागणारे उद्या लिहावे लागणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला? हुशारी वाढेल हे आम्हांला मान्य आहे. पण आमच्या विहिरीतला आकडा जमिनीपासून मोजला की विहिरीच्या कठड्यापासून, हे कोणत्या हुशारीने कळणार? ते जगात कोठेही लिहिलेले नाही, ते फक्त मोजणाऱ्याला ठाऊक आहे. जगातला सर्वांत मोठा विद्वान आमच्या घरी उतरला तरी न्हाणीघरातला कोणता नळ गरम पाण्याचा, हे त्याला सांगावेच लागेल. चिरंजीव म्हणाले, “तो हात लावून पाहील.” पाहील खरा. पण पिकाच्या आणि भरपाईच्या बाबतीत हात पोळतो तो दुसऱ्याचा.

त्यांची दुसरी सूचना मात्र आम्ही निमूटपणे स्वीकारली. ती अशी की वर्णन लिहून झाले की स्वतःच वाचून खूष होऊ नये. तीस-चाळीस प्रश्न लोक विचारतात तसेच जमवावेत, एजंटाला विचारावेत, तो कोठे कोणते साधन उचलतो ते पाहावे, आणि चुकेल तेथे एजंटाला दोष देण्याआधी चिठ्ठी सुधारावी. प्रश्न जमवावयास आम्ही पुन्हा राळेगणच्या बाजूला गेलो, आणि तेथे आमची आणखी एक घमेंड उतरली. आमच्या चिठ्ठ्यांत ‘भूजलपातळी’, ‘पर्जन्यमान’, ‘सिंचन’ असे शब्द होते. लोक विचारीत होते, “हिरीला पाणी किती लागलं?”, “औंदा किती पाऊस झाला?”, “कांद्याला अजून एक पाणी निघंल का?” हल्लीची प्रतिमाने ही बोली बरीचशी समजतात, तरी चिठ्ठीत ‘लोक हे असे विचारतात’ म्हणून दोन-तीन वाक्ये जशीच्या तशी घातली तेव्हा निवड अधिक बिनचूक होऊ लागली. शुद्धलेखनाच्या पंतोजींनी ह्याबद्दल आम्हांला क्षमा करावी.

त्याच खेपेला आम्ही तळ्याच्या साधनाचे वर्णन खिशात घालून नेले होते. ते लिहिण्यात दोन संध्याकाळी गेल्या होत्या. ते म्हातारेबुवा बांधाखालच्या लिंबाच्या सावलीत बसले होते. आम्ही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखविले:

‘पाझर तलावातील आजचा पाणीसाठा सांगते. हा तलाव पाणी साठविण्यासाठी नसून मुरविण्यासाठी आहे, म्हणून उन्हाळ्यात साठा शून्य असणे हा बिघाड समजू नये. तलाव उपयोगी पडतो की नाही हे ठरविण्यासाठी हे साधन एकटे वापरू नये. खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी विहिरीच्या साधनाने पाहावी. पिण्यासाठी किंवा पिकासाठी पाणी शिल्लक आहे का, ह्याचे उत्तर येथून मिळत नाही.’

बाबांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, “आन् बांधातनं गेलं असंल तर?”

आम्ही खिशातून पेन काढले आणि तेथेच लिहिले: ‘साठा लवकर संपला आणि विहिरीही वर आल्या नाहीत, तर बांधातून गळती असू शकते. बांधाखालच्या ओढ्यात पाणी वाहते का ते गावातल्या माणसाला पाहावयास सांगावे.’ हे वाचून दाखविले तेव्हा त्यांनी मान हलविली. आम्हांला वाटले, झाले. आम्ही कागदाची घडी घालू लागलो तोच ते म्हणाले, “आन् समजा चैतापतुर तळं भरलेलंच ऱ्हायलं, तर तुमचं यंत्र काय म्हनंल?”

“चांगले आहे म्हणेल,” आम्ही म्हणालो.

“गाळ बसला असंल बुडाला. मुरंना झालंय म्हनून भरलेलं दिसतंय,” ते म्हणाले, आणि शेळ्या हाकीत निघून गेले.

ते वाक्य चिठ्ठीत कसे घालावे ह्यावर आम्ही अजून काम करीत आहोत. गाळ शेवटचा केव्हा काढला ह्याची तारीख साधनाला पुरवावी लागेल, आणि ती तारीख कोणाच्या वहीत लिहिलेली आहे ते आधी गावात जाऊन विचारावे लागेल.